धूर पकडून गाडायचा की सौर-पवन उभारायचं? फक्त विजेपुरता पैशांचा हिशेब समजावून सांगा

रानपाखरू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, आधी यावर चर्चा झाली असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण सापडली नाही.

ऑफिसात आमच्या एका सिनियरशी गेल्या आठवड्यात बराच वाद झाला. म्हणजे भांडण नाही, ते माणूस म्हणून फार चांगले आहेत आणि विषयाचा अभ्यासही आहे त्यांचा. त्यांचं म्हणणं असं की चालू औष्णिक केंद्रं मोडीत काढून सगळं नव्याने उभारण्यापेक्षा चिमणीतला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) तिथल्या तिथे पकडा, दाबा आणि जमिनीखाली सोडा, कोळसाही चालू राहील, वीजही चोवीस तास मिळेल आणि हवेतही काही जाणार नाही. ऐकताना मला पटलं हो. नॉर्वेत १९९६ पासून समुद्राच्या तळाखाली गाडतायत म्हणे, मग तंत्र काही नवं नाही.

घरी येऊन वाचायला बसलो तर जो तो वेगळाच आकडा सांगतोय. कुणी टनात बोलतो, कुणी युनिटमध्ये, कुणी 'पकडलेला टन' म्हणतो कुणी 'टळलेला टन', ते दोन्ही एकच आहेत का तेही कळेना. मला एवढंच हवंय की हातात ठरावीक पैसे आहेत आणि विजेमुळे होणारा सीओटू कमी करायचाय, तर ते पैसे कशात घातले तर जास्त फरक पडेल, आणि का. आणि कृपया रात्रीचं काय हा प्रश्न टाळू नका, कारण सिनियरांचा शेवटचा मुद्दा तोच होता आणि मी तिथे गप्प बसलो.

वाफेवरचा

चांगला प्रश्न. मी पंधरा वर्षं औष्णिक केंद्रात कंट्रोल रूमला काढलीत आणि त्याआधी थोडी वर्षं खताच्या कारखान्यात होतो, तिथे अमोनिया बनवताना गॅसमधून सीओटू काढावाच लागतो आणि तो पुढे युरियात जातो, त्यामुळे हे 'पकडणं' मी हाताने केलंय असं म्हटलं तरी चालेल. पैशांचं दुसरं कुणीतरी सांगेल, मी आत काय होतं ते सांगतो, कारण खर्च नेमका तिथेच दडलाय.

लोकांना वाटतं चिमणीला एक गाळणी बसवायची. तसं नाही. चिमणीतून जे बाहेर जातं त्यात सीओटू असतो १२ ते १५ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. गॅसवरच्या टर्बाइनच्या धुरात तर ४ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे सात-आठ भाग नको असलेल्या हवेतून एक भाग उचलायचा. त्यासाठी उंच टॉवरमध्ये वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी सोडतात, खालून थंड केलेला धूर, साधारण ४० अंशाला अमाइन सीओटूला धरतं. इथवर सोपं आहे. खरा त्रास पुढे, कारण धरलेला सीओटू सोडवायला तेच सगळं पाणी १२० अंशापर्यंत तापवावं लागतं, आणि ही उष्णता येते कुठून तर टर्बाइनकडे जाणारी वाफ मधूनच काढून. जी वाफ कमी दाबाचं (एलपी) टर्बाइन फिरवून वीज देणार होती ती आता भांडं तापवायला गेली.

आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण लोडवर तासाला साधारण ४५० टन सीओटू सोडतो. त्यातला ९० टक्के पकडायचा म्हणजे ४०५ टन. जुन्या पद्धतीच्या अमाइनला टनाला साडेतीन गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकंदर ३९० मेगावॅटच्या वर नुसती उष्णता, अखंड, दर तासाला. हलक्या दर्जाची वाफ असते म्हणून विजेत तेवढं नुकसान नाही होत, पण ८०-९० मेगावॅट सहज जातात, वर सीओटू दाबायचे कॉम्प्रेसर, पंखे, पंप. सगळं मिळून संचाची वीस-पंचवीस टक्के वीज. नवीन द्रावणं यापेक्षा बरी आहेत हे मान्य, पण उष्णता शून्य होणार नाही, ते रसायनातच आहे.

आणि एक गोष्ट जी कागदावर दिसत नाही. आमच्याकडे खताच्या कारखान्यात दर शिफ्टला द्रावणाचं सॅम्पल काढायचो, नवं भरलेलं पाण्यासारखं स्वच्छ असायचं आणि महिने गेले की तपकिरी, मग काळपट. एकदा टॉवरमध्ये फेस धरला तर पूर्ण रात्र अँटिफोम सोडत बसलो होतो आणि लोड अर्ध्यावर. आणि तो गॅस स्वच्छ होता बरं का! कोळशाच्या धुरात राख असते, सल्फर असतं, नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, ते अमाइन खराब करतात. म्हणजे आधी धूर नीट साफ करा, मग पकडा, तरी द्रावण बदलत राहा. हा खर्च एकदाचा नसतो, रोजचा असतो.

नॉर्वेचं उदाहरण देताना एवढं लक्षात ठेवा की तिथे स्लाइपनर या गॅसक्षेत्रात गाडतात तो विजेच्या चिमणीतला सीओटू नाही. जमिनीतून निघणाऱ्या गॅसमध्येच ९ टक्क्यांच्या आसपास सीओटू आहे, तो काढल्याशिवाय गॅस विकताच येत नाही. म्हणजे वेगळा काढायचा खर्च असाही होणारच होता, आणि १९९१ पासून तिथे सीओटूवर कर आहे म्हणून तो हवेत सोडण्यापेक्षा गाडणं परवडलं. गाडायचं तंत्र त्यातून सिद्ध झालं, ते खरंच चांगलं काम आहे. पातळ धुरातून स्वस्तात पकडणं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

हिशेबवही

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता रानपाखरू यांचा पकडलेला टन विरुद्ध टळलेला टन, कारण निम्मे गैरसमज तिथेच होतात.

कागद घ्या. पकडण्याशिवाय एक केंद्र समजा १००० मेगावॅट-तास वीज देतं आणि ९०० टन सीओटू सोडतं. आता यंत्रणा बसवली. कोळसा तेवढाच जळतोय, ९०० पैकी ८१० टन पकडले, ९० सुटले. पण वीज बाहेर गेली फक्त ७५०, कारण २५० यंत्रणेनेच खाल्ली. तर तुलना ७५० विजेशी करायला हवी, आधी तेवढ्या विजेला ६७५ टन सुटले असते, आता ९० सुटतात, टळले ५८५. पकडले ८१० आणि टळले ५८५. जाहिरातीत ८१० येतो, हवेला ५८५ च कळतो.

आता पैसे. समजा पकडायला टनाला ६० डॉलर पडले, हरवलेली वीज वगैरे सगळं धरून. ८१० टनांचे झाले ४८,६०० डॉलर, ते ७५० मेगावॅट-तासांवर (एक मेगावॅट-तास म्हणजे हजार युनिट) वाटले तर युनिटला साडेसहा सेंट जास्तीचे. जास्तीचे! कोळसा, पगार, जुनं कर्ज हे सगळं आधीचं वेगळं. आणि टळलेल्या टनाला भाव पडला ८३ डॉलर.

समोर काय आहे ते बघा. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेने २०२३ साली उभ्या राहिलेल्या मोठ्या प्रकल्पांची जगभराची सरासरी काढली होती, सौरला युनिटमागे ४.४ सेंट आणि जमिनीवरच्या पवनचक्क्यांना ३.३ सेंट. २०१० ला सौरचा हाच आकडा ४६ सेंट होता. म्हणजे नुसता धूर पकडायचा वरखर्च हाच नव्या सौर विजेच्या अख्ख्या खर्चापेक्षा जास्त आहे. तुमच्या सिनियरांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच असतो की केंद्र तर बांधून झालंय, त्याचे पैसे आता मोजू नका. ठीक, नाही मोजले, एक पैसाही नाही, तरी नुसत्या वरखर्चावरच हिशेब उलटतो. मला वाटतं वाद खरा इथेच संपायला हवा, पण रात्रीचा प्रश्न बाकी आहे हे कबूल.

सौर एवढं का पडलं तेही सांगतो कारण ते नशीब नाही. पॅनल कारखान्यात बनतं, एकसारखं, कोट्यवधी, आणि जगातलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की भाव साधारण वीस टक्क्यांनी उतरतो असं कित्येक दशकं दिसत आलंय. धूर पकडायचा, म्हणजे कॅप्चरचा प्लांट दर ठिकाणी नवा शिवावा लागतो. कोळसा वेगळा, राख वेगळी, जागा वेगळी, गाडायचा खडक वेगळा, पाइप किती लांब न्यायचा ते वेगळं. दहा प्लांट बांधून अकरावा फार स्वस्त होईल एवढी पुनरावृत्तीच नाही त्यात.

तिसरा_प्रहर

आकडे बरोबर आहेत पण तुलना अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत. ४.४ सेंटला मिळणारी वीज दुपारी मिळते. मला ती संध्याकाळी सातला हवी आहे. युनिटचा सरासरी खर्च काढताना वेळ कुठेच मोजत नाहीत, दुपारी सगळेच पॅनल एकदम वीज ओततात तेव्हा तिची किंमत पडते, कधी तर घ्यायलाच कुणी नसतं आणि बंद करावे लागतात. शिवाय वारं चांगलं ते लांब, उन्हाचा प्रदेश लांब, तिथून वीज आणायच्या तारा त्या ४.४ मध्ये नाहीत.

आणि रात्र तरी ठीक, रात्र रोज येते आणि रोज संपते. हिवाळ्यात उत्तर युरोपात ढगाळ आणि वारा पडलेला असा आठवडा येतो, जर्मनीत त्याला खास शब्दच आहे. तेव्हा बॅटरी काय करणार, ती दोन-चार तासांची असते, आठवड्याची नाही. त्या आठवड्यासाठी सांगाल तेव्हा चालणारं काहीतरी हवंच, आणि ते स्वच्छ हवं असेल तर कॅप्चर लावलेलं गॅस केंद्र हा पर्याय मला चुकीचा वाटत नाही. मी कोळशाची बाजू घेत नाहीये, कृपया तसं वाचू नका, फक्त हिशेब पूर्ण करा म्हणतोय.

रानपाखरू

वाफेवरचा आणि हिशेबवही, इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, ८१० आणि ५८५ चं मी वहीत उतरवून घेतलं आणि पहिल्यांदा डोक्यात शिरलं. पण तिसरा_प्रहर म्हणतायत तेच सिनियरही म्हणत होते. वारा पडलेल्या आठवड्याला उत्तर आहे का तुमच्याकडे?

हिशेबवही

आहे, थोडं लांब आहे, दोन भाग करतो.

रोजची रात्र हा प्रश्न आता बराचसा सुटत आलाय. बॅटरी पॅकचा भाव २०१० ला किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ ला सरासरी ११५ डॉलर. त्यावर इन्व्हर्टर, उभारणी, व्याज हे सगळं चढतं, म्हणजे साठवलेलं युनिट दुपारच्या युनिटपेक्षा चांगलंच महाग पडतं, हे लपवायचं कारण नाही. पण सगळीच युनिटं काही बॅटरीतून जात नाहीत, दुपारची थेट वापरली जातात. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये बॅटऱ्या १० गिगावॅटच्या पुढे गेल्या आणि संध्याकाळी काही वेळ ग्रिडवर सगळ्यात जास्त वीज त्यांच्याकडूनच येते असे दिवस दिसले. अबुधाबीत जानेवारी २०२५ ला एक प्रकल्प जाहीर झाला, ५.२ गिगावॅट सौर आणि १९ गिगावॅट-तास बॅटरी, त्यातून १ गिगावॅट वीज रात्रंदिवस द्यायची, खर्च ६ अब्ज डॉलरच्या आसपास. वाळवंट आहे, ऊन रोजचं आहे, सगळीकडे तसं जमणार नाही, पण 'सौर म्हणजे फक्त दुपार' हे वाक्य आता जुनं झालं.

आता तुमचा वारा पडलेला आठवडा. तिसरा_प्रहर, प्रश्न खरा आहे, पण त्याला कॅप्चर हे उत्तर आहे असं मी एक काळ समजत होतो आणि हिशेब केल्यावर मत बदललं. का ते बघा. कॅप्चर प्लांट हा भांडवलाचा राक्षस आहे. टेक्सासमधल्या पेट्रा नोवा या कोळसा केंद्रावरच्या कॅप्चर प्लांटला साधारण १ अब्ज डॉलर लागले, पाइपलाइन वगैरे धरून, आणि क्षमता वर्षाला १४ लाख टन. भांडवलाचं व्याज-परतफेड वर्षाला १० टक्के धरली तर १० कोटी डॉलर. पूर्ण वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर टनाला ७१ डॉलर नुसते भांडवलाचे. (म्हणजे वर मी ६० धरले ते उदार हातानेच धरले होते.) आता हाच प्लांट जर वर्षातले तीनच महिने चालवला, बाकी वेळ ऊन-वारा आहे म्हणून बंद, तर तेच १० कोटी साडेतीन लाख टनांवर पडणार, टनाला २८५ डॉलर!

म्हणजे गंमत बघा कशी आहे, ग्रिडवर सौर-पवन जितकं वाढेल तितके औष्णिक केंद्राचे चालायचे तास कमी होणार, आणि तास जितके कमी तितकं कॅप्चर महाग. दोघं एकमेकांना पूरक नाहीत, एकमेकांच्या वाटेत येतात. पडून राहून कधीतरी लागणाऱ्या कामाला यंत्र असं हवं की जे उभारायला स्वस्त आणि चालवायला महाग असलं तरी चालेल, कारण चालवायचं थोडंच आहे. साधं गॅस टर्बाइन तसं आहे. वर्षातून तीन आठवडे ते चालवलं, त्याचा धूर सुटला, तरी एकूण सीओटूत तो थोडासाच भाग. ते मला आवडतं असं नाही, पुढे जलविद्युत, पंप करून साठवलेलं पाणी, लांबच्या ग्रिडशी जोडण्या यांनी तोही भाग कमी करता येईल. पण त्या तीन आठवड्यांसाठी वर्षभर व्याज खाणारा अब्जावधीचा प्लांट बांधून ठेवणं मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

तिसरा_प्रहर

तासांचा मुद्दा मी या बाजूने कधी बघितला नव्हता. मान्य. तारांच्या खर्चाबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे, तो प्रत्येक तुलनेत धरलाच पाहिजे, सौर-पवनवाले तो फार सहज सोडून देतात आणि मग लोकांना बिल आलं की फसवल्यासारखं वाटतं.

क्षितिजा

तारा धरा, नक्की धरा, मग पाइपही धरा. पकडल्यानंतरचं या धाग्यात कुणी बोललंच नाही अजून.

साधी शाळेतली रसायनाची गोष्ट आहे, १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो सीओटू होतो. कोळशात निम्माच कार्बन धरला तरी एक टन कोळशाचा १.८ टन सीओटू. म्हणजे केंद्रात आगगाड्या भरभरून जेवढा कोळसा आत येतो त्याच्या जवळपास दुप्पट वजन रोज बाहेर न्यायचं आणि कायमचं पुरायचं, त्याच्यावर पुढची कित्येक वर्षं लक्षही ठेवायचं. ५०० मेगावॅटच्या एकाच संचाचे दिवसाला ९,७०० टन. पाइपमध्ये न्यायला तो इतका दाबतात की तो द्रवासारखा घट्ट होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीत सटार्शिया नावाच्या छोट्या गावाजवळ असा पाइप फुटला होता. सीओटू हवेपेक्षा जड, तो सखल भागात साचून राहिला, लोकांना श्वास घेता येईना, आणि गाड्यांची इंजिनं बंद पडली कारण इंजिनालाही ऑक्सिजन लागतो, म्हणजे पळून जायलाही वाहन नाही. २०० च्या आसपास लोकांना हलवलं, ४५ जणांना उपचार लागले. कुणी दगावलं नाही हे मोठं नशीब. मी हे वाचलं तेव्हापासून 'दाबून जमिनीखाली सोडा' हे वाक्य मला इतकं सहज म्हणता येत नाही.

आणि प्रत्यक्ष विजेवर करून बघितलेल्यांचं काय झालं तेही रानपाखरू यांनी सिनियरांना जरूर सांगावं. कॅनडात बाउंड्री डॅम या कोळशाच्या केंद्राचा तिसरा संच, २०१४ ला सुरू झाला, दीड अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात खर्च, वर्षाला १० लाख टनांचं उद्दिष्ट. आधीची वर्षं अडचणींत गेली, वाफेवरचा म्हणतायत तो राख आणि अमाइनचा त्रास तिथेही झाला. सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे २०१८ ला त्याच कंपनीने शेजारच्या चौथ्या-पाचव्या संचाला ही यंत्रणा बसवायची नाही असं ठरवलं. ज्यांनी स्वतः बांधून, चालवून बघितलं, ज्यांच्याकडे माणसं तयार होती, त्यांनाच दुसऱ्यांदा परवडलं नाही.

पेट्रा नोवा तर यंत्र म्हणून बरं चाललं. पण त्याची कमाई पकडलेला सीओटू तेलाच्या विहिरीत सोडून जास्तीचं तेल काढण्यावर होती, आणि वाफ-वीज पुरवायला वेगळा गॅस टर्बाइन बसवला होता ज्याचा स्वतःचा धूर कुणी पकडत नव्हतं. २०२० ला तेलाचे भाव कोसळले आणि मे महिन्यात प्लांट बंद झाला, परत सुरू व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. मिसिसिपीतल्या केम्पर या कॅप्चरसह बांधलेल्या कोळसा केंद्राचं तर बोलायलाच नको, तीन अब्ज डॉलरच्या आतला अंदाज साडेसात अब्जांवर गेला आणि २०१७ ला कोळशाचा नाद सोडून तिथे साधा गॅस जाळायला लागले. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने गाडलेल्या टनाला ८५ डॉलरपर्यंत करसवलत दिली, तरी कोळशाच्या वीजकेंद्रांची रांग काही लागली नाही. मला वाटतं बाजाराने दिलेलं यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

एक मात्र मनापासून सांगते, कॅप्चरला सरसकट नावं ठेवू नका. सिमेंटमध्ये साठेक टक्के सीओटू हा इंधनाचा नसतोच, चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो, तिथे सौर पॅनल काय करणार? नॉर्वेत ब्रेव्हिकला २०२५ मध्ये सिमेंटच्या कारखान्यात वर्षाला ४ लाख टन पकडायची यंत्रणा सुरू झाली, तिथला पैसा मला योग्य जागी गेल्यासारखा वाटतो, कारण दुसरा मार्गच नाही. विजेला दुसरा मार्ग आहे, आणि तो स्वस्त आहे. पाइप, गाडायच्या जागा, या कामातली जाणती माणसं, हे सगळं मोजकंच आहे, ते विजेवर उधळलं तर सिमेंटला काय उरणार?

रानपाखरू

सिमेंटचं मला अजिबात माहीत नव्हतं. आज जेवणाच्या सुट्टीत सिनियरांना ७१ आणि २८५ चा हिशेब दाखवला, त्यांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः दोनदा करून बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की व्याज १० ऐवजी ५ टक्के धर. धरलं. ३५ आणि १४३ आले. मग त्यांनी विचारलं की जी केंद्रं आत्ता नवी आहेत, अजून तीस वर्षं आयुष्य आहे, ज्यांचं कर्जही फिटलं नाही, त्यांचं करायचं काय. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वाफेवरचा

हा प्रश्न माझ्या जवळचा आहे कारण मी ज्या संचावर होतो तो तसाच होता. पूर्ण बंद करायची घाई नाही, चालवायची पद्धत बदलता येते. दुपारी ऊन आहे तर लोड किमानवर आणायचा, संध्याकाळी चढवायचा. आमच्याकडे आधी किमान म्हणजे ५५-६० टक्के असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, खाली गेलं की ज्योत अस्थिर होते, तेलाचा आधार द्यावा लागतो. मग कोळसा दळणाऱ्या मिलची जुळणी, ज्योत बघणारे स्कॅनर, कंट्रोलची दुरुस्ती असं करत करत आम्ही ४० पर्यंत उतरवलं, पहिल्या रात्री कंट्रोल रूममध्ये सगळे उभे होते, बसलं कुणीच नाही. बॉयलरच्या ट्यूबा जास्त थकतात, दर युनिटला कोळसा थोडा जास्त लागतो, हे तोटे आहेतच. पण या दुरुस्त्यांचा खर्च कॅप्चरच्या जवळपासही येत नाही आणि जितका कोळसा कमी जळला तितका सीओटू तयारच झाला नाही, तो पकडायचा, दाबायचा, न्यायचा प्रश्नच नाही. केंद्राला असं तयार उभं राहण्याचे पैसे मिळायची सोय हवी मात्र, नुसत्या युनिटवर पैसे मिळत राहिले तर कुणीही लोड उतरवायला तयार होणार नाही. सिनियरांना विचारा ते कधी कुठल्या संचावर होते का, असतील तर बहुतेक त्यांनाही अशा रात्री आठवत असतील.